काठ्या नव्हे, पडणे मोजा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, परभणी.



चारठाण्याचे नाव निघाले की लोक इथल्या प्राचीन मंदिरांबद्दल, मानस्तंभाबद्दल, बारवेबद्दल बोलतात. मी आज आपल्याला इथल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहीत आहे. ती पडतात. न्हाणीत पाय घसरून पडतात, रात्री लघवीला उठताना उंबऱ्याला अडखळून पडतात, पावसाळ्यात अंगणातल्या काळ्या चिखलात पडतात, उन्हाळ्यात भोवळ येऊन बाजेजवळच कोसळतात. काहींना नुसता मुका मार लागतो. काहींचा खुबा मोडतो, आणि खुबा मोडलेले माणूस पुन्हा आपल्या पायाने वेशीपर्यंत जाईलच असे नसते. ‘वय झाले, आता पडायचेच,’ असे म्हणून घर गप्प बसते आणि गावही. हे पडणे बऱ्याच अंशी टाळता येते. ते टाळण्यासाठी आपला विभाग जे काही करील, त्याचा हिशेब किती वस्तू वाटल्या यावरून न होता किती माणसे पडायची वाचली यावरून व्हावा, हे सांगण्यासाठी मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्रामागे साधारण ३०,००० लोकसंख्या धरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळपास एक जण साठीपुढचा होता. म्हणजे एका केंद्रामागे सुमारे ३,००० ज्येष्ठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पासष्टीपुढच्या दर शंभर जणांपैकी २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. आपल्याकडच्या साठीपुढच्यांत हे प्रमाण त्याच्या निम्मेच आहे असे धरले, तरी एका केंद्राच्या गावांमधून दरवर्षी चारशेहून अधिक माणसे पडतात. जगभरात पडण्यामुळे वर्षाला सुमारे ६,८४,००० मृत्यू होतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो, आणि यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपल्या चारशे माणसांची नोंद मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही. दवाखान्यात प्लॅस्टर घालताना ‘हाड मोडले’ एवढे लिहिले जाते. ते कुठे, कधी आणि कशाने मोडले हे लिहायला रकानाच नसतो.

शासन काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात पासष्टीपुढच्या पात्र माणसाला काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. त्याच वर्षी सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. या दोन्ही योजनांचे मी मनापासून स्वागत करते. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. हाड मोडल्यावर ५ लाखांपर्यंतची सोय आहे आणि ते मोडू नये म्हणून एकदाच ३,००० रुपये. त्या ३,००० रुपयांनी किती हाडे वाचली, हे कुणी मोजत नाही. लाभार्थी किती आणि रक्कम किती, एवढ्यावर अहवाल संपतो.

काठी मिळाली म्हणजे आधार मिळाला असे होत नाही. हात सरळ खाली सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी लागते. फार उंच काठीने खांदा वर ओढला जातो, फार आखूड काठीने माणूस पुढे झुकते. बुडाचे रबर झिजले की तीच काठी फरशीवर घसरते. काठीची उंची बसवून देणारे आणि ती धरून कसे चालावे हे दाखवणारे माणूस सोबत आले नाही, तर काठी दाराआड उभी राहते. शौचालयांचेही तसेच आहे. गावोगावी शौचालये झाली ही मोठी गोष्ट आहे. पण कित्येक ठिकाणी ती अंगणाच्या टोकाला आहेत, उंच जोत्यावर आहेत, चढायला एक-दोन उभ्या पायऱ्या, धरायला काही नाही आणि वाटेवर दिवा नाही. तरण्यांच्या सोयीचे ते बांधकाम गुडघे गेलेल्या बाईला रात्री दोन वाजता धोक्याचे ठरते.

हेतू चांगला आणि कार्यक्रम मोठा असला म्हणजे परिणाम दिसेलच, या समजुतीला जगाने मोठी किंमत मोजली आहे. इंग्लंडमध्ये ६३ दवाखान्यांमधल्या सत्तरीपुढच्या ९,८०३ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटाला पडणे टाळण्याविषयीची माहिती टपालाने पाठवली. उरलेल्या दोन गटांत माहितीसोबत प्रश्नावली पाठवून धोका असलेली माणसे शोधली, आणि एका गटात त्यांना व्यायाम, तर दुसऱ्यात पूर्ण तपासणी करून उपाय दिले. २०२० मध्ये निकाल आला. नुसती माहिती मिळालेल्यांच्या तुलनेत इतर दोन गटांत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झालेले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ८६ दवाखान्यांमधल्या, धोका असलेल्या ५,४५१ ज्येष्ठांवरच्या चाचणीचा निकाल आला. तिथे प्रशिक्षित परिचारिका प्रत्येकाची आखणी करून देत होत्या. पडून गंभीर इजा होण्याचे प्रमाण तिथेही लक्षणीय घटले नाही.

काही वेळा तर अपायच होतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांना हाडे बळकट व्हावीत म्हणून वर्षातून एकदा ‘ड’ जीवनसत्त्वाची ५ लाख युनिटांची मात्रा दिली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आला, की मात्रा घेतलेल्या स्त्रिया न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. मोजले नसते, तर ही मात्रा पुण्यकर्म समजून वाटली गेली असती. म्हणून मोजणीला मी कागदी काम मानत नाही. म्हाताऱ्या माणसाला आपल्या हातून अपाय होऊ नये, याची ती खबरदारी आहे.

उपयोगी काय ठरते तेही मोजूनच कळले आहे. १०८ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले, की व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. तोल सांभाळायला लावणारे व्यायाम यात महत्त्वाचे: बाजेवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंत धरून टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर थांबणे. घरातले धोके दूर करण्याविषयीचा २०२३ चा आढावा आणखी नेमके सांगतो. आधी पडलेल्या किंवा रोजच्या कामांत आधार लागणाऱ्या माणसांच्या घरात असे बदल केले, तर पडणे सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होते. ज्यांना मुळात फारसा धोका नाही, त्यांच्या घरात तेवढेच बदल करून हाती काही लागत नाही. म्हणजे सगळ्यांना सारखे वाटण्यापेक्षा गरज असलेल्या घरी नीट काम करणे फायद्याचे. इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू वर्षभर न थांबवता लवकर काढला, तेव्हा त्यांचे पडणे ३४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरे होतातच. त्यांच्या यादीत आधी पडलेल्या माणसांना पुढचा नंबर देता येईल.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र मला लिहावेच लागले, त्यांच्याविषयी. गावात ज्याला म्हातारचळ म्हणतात, तो पुष्कळदा स्मृतिभ्रंशाचा आजार असतो. देशभरातल्या नमुन्यावर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना हा आजार आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. हाच दर धरला, तर आपल्या ३,००० ज्येष्ठांमध्ये सव्वादोनशेच्या आसपास अशी माणसे असतील. इतर ज्येष्ठांच्या जवळपास दुप्पट ती पडतात. ज्या घरात असे माणूस आहे, तिथल्या सुनेला विचारा. सासूबाई रात्री उठतात आणि तीस वर्षांपूर्वी जिकडे गोठा होता तिकडे निघतात. न्हाणी कुठल्या बाजूला ते आठवत नाही. काठी हातात दिली तर ती कशासाठी आहे हेच ध्यानात राहत नाही. पडल्या तर सकाळी ते सांगता येत नाही, दंडावरचा काळानिळा डाग तेवढा दिसतो.

पडणे टाळण्याच्या बऱ्याच चाचण्यांमधून नेमक्या याच माणसांना वगळले जाते, कारण सूचना त्यांच्या लक्षात राहत नाहीत आणि उत्तरे भरवशाची नसतात. म्हणून इतरांना लागू पडलेला उपाय त्यांनाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. न्यूकॅसलमध्ये पडून रुग्णालयात आलेल्या, बुद्धी क्षीण झालेल्या २७४ ज्येष्ठांवर सर्व बाजूंनी उपाय केले गेले. वर्षभरात उपाय मिळालेल्यांपैकी ७४ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ८० टक्के पुन्हा पडले. हा फरक परिणाम म्हणण्याइतका नव्हता. फिनलंडमध्ये मात्र आशा दिसली. अल्झायमर झालेल्या आणि जोडीदारासोबत राहणाऱ्या २१० लोकांच्या चाचणीत काही जणांच्या घरी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट जाऊन वर्षभर व्यायाम करवून घेत होते, काही जण गटात येऊन व्यायाम करत होते. दोन्ही गटांतले लोक कमी पडले. यातून मला दिसते ते असे: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सूचनापत्रक देऊन भागत नाही. कुणीतरी नेमाने यावे लागते, सोबत उभे राहून हालचाल करवावी लागते आणि घरच्या माणसाला हाताशी धरावे लागते.

आपल्याला वाटेल, अशी माणसे शोधायची कशी? ती शोधण्याचे साधन आपल्याच हातात आहे. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का? या दोन प्रश्नांना ‘होय’ म्हणणारे माणूस म्हणजे सर्वांत आधी जिच्याकडे जायला हवे अशी व्यक्ती. उत्तर विचारले जाते, फॉर्म भरला जातो. त्या ‘होय’नंतर कोण, किती दिवसांत, त्या घरी जाते? या साखळीची पुढची कडी आपण जोडावी, ही माझी पहिली विनंती आहे.

आता मोजायचे कसे? ‘गेल्या वर्षात किती वेळा पडलात?’ असे वर्षाअखेरीस विचारून उपयोग नाही. धडधाकट बुद्धीचे लोकही आपले पडणे विसरतात. म्हणून अशा चाचण्यांमध्ये घरी दिनदर्शिका ठेवून त्या त्या दिवशी खूण करण्याची रीत आहे. आपल्याकडे घरोघर भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. दुधाचा रतीब, सिलिंडरची तारीख, सगळे त्याच्यावर लिहिले जाते. त्याच चौकोनात पडल्याच्या दिवशी एक फुली मारायची, हाड मोडले तर फुलीभोवती गोल करायचा. लिहिता न येणाऱ्या बाईलाही हे जमेल. स्मृतिभ्रंश असेल तिथे ही फुली घरच्याने मारायची. महिन्याच्या फेरीत आशाताईंनी त्या उतरवून घ्यायच्या. त्यांच्यावर आधीच नोंदवह्यांचा भार आहे, म्हणून या कामाचा वेगळा मोबदला ठरवावा. तो नोंदीसाठी द्यावा, कमी आकड्यासाठी कधीच देऊ नये. कमी फुल्यांना बक्षीस लावले, की फुल्या लपवल्या जातील. फुली पाहून सुनेला किंवा मुलीला कुणी बोल लावू नये, हेही आधीच सांगावे.

आकड्याचा एक मोठा धोका मी ठळकपणे मांडते. पडणे शून्यावर आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे माणसाला बाजेवर बसवून ठेवणे. घराघरांत हे होते, कधी भीतीने, कधी नाइलाजाने. ऊसतोडीला किंवा पुण्या-संभाजीनगरला कामाला गेलेल्या घरात एखादीच बाई मागे असते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ती बाहेरून कडी लावून शेतात जाते. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. पण त्या घरातल्या शून्य फुल्या आपल्या कार्यक्रमाचे यश म्हणून लिहिल्या गेल्या, तर तो फार मोठा अन्याय होईल. बसून राहिलेल्या माणसाचे पाय महिन्या-दोन महिन्यांत जातात. म्हणून फुलीसोबत दुसरी एक नोंद हवीच: हे माणूस या आठवड्यात घराबाहेर गेले का? देवळापर्यंत, पारापर्यंत, शेजारच्या ओसरीपर्यंत तरी? फुल्या कमी व्हाव्यात आणि पावले वाढावीत. दोन्ही झाले, तरच कार्यक्रम चालला असे म्हणता येईल.

तुलनेशिवाय आकड्यांना अर्थ नसतो. आपल्याकडे श्रावणात निसरडे असते, मे महिन्यात उन्हाने भोवळ येते, पौषात कडाक्याच्या थंडीत अंग आखडते. जुलैत सुरू केलेल्या कार्यक्रमाचा जानेवारीत आढावा घेतला, तर नुसत्या चिखल वाळण्याने पडणे घटलेले दिसेल. त्यामुळे काही गावांत आधी आणि काही गावांत सहा महिन्यांनी, असे टप्प्याने सुरू करावे. कुणाचा क्रम आधी हे सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. सगळीकडे एकाच दिवशी पोचायला मनुष्यबळ नाहीच. मग क्रम चिठ्ठीने लावण्यात कुणावर अन्याय होत नाही, आणि थांबलेल्या गावांशी तुलना आपोआप मिळते. एकट्या चारठाण्यात खुबे मोडण्याचे आकडे इतके थोडे असतील, की त्यावरून निष्कर्ष निघणार नाही. पडण्याचा हिशेब केंद्राच्या पातळीवर आणि हाडे मोडण्याचा हिशेब जिल्ह्याच्या पातळीवर करावा लागेल.

हे खेड्यात जमेल का, अशी शंका कुणी काढू नये. महाराष्ट्रानेच ते करून दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम राबवला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ त्या मोजणीत आहे. जन्मलेल्या बाळासाठी महाराष्ट्राने जी शिस्त पाळली, ती आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसासाठीही पाळावी.

उपाय आपल्या मातीतलेही असू शकतात. हा जनाबाईंच्या गंगाखेडचा जिल्हा आहे. वारकऱ्यांच्या पावलीत पाय पुढे-मागे टाकणे, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, टाळाच्या ठेक्यावर वळणे, हे सगळे असते. तोलाच्या व्यायामात नेमके हेच करवून घेतात. नाव आणि पत्ता विसरलेले माणूसही लहानपणापासूनच्या ठेक्यावर पाय उचलते, हे भजनात बसणाऱ्यांनी पाहिले आहे. पावलीने पडणे कमी होते असा दावा मी करत नाही. तो तपासण्यासारखा आहे, एवढेच म्हणते. तपासूनच ठरवावे.

यासाठी आपल्याकडे माझ्या नेमक्या मागण्या अशा:

१. चारठाणा आणि जिंतूर तालुक्यातील निवडक गावांत सीबॅकच्या त्या दोन प्रश्नांना ‘होय’ म्हटलेल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी ठरावीक दिवसांत भेट व्हावी. त्या भेटीत चाल, डोळे, रक्तदाब आणि झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या जाव्यात.

२. धोका असलेल्या घरांत छोटे बदल करून द्यावेत: न्हाणीत आणि शौचालयाच्या पायरीशी गावच्या वेल्डरकडून लोखंडी दांडा, गुळगुळीत शहाबादीला टाकी लावून खरखरीतपणा, न्हाणीच्या वाटेवर रात्रीचा दिवा, उंबऱ्यावर ठळक रंगाचा पट्टा. परभणी कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाचे यासाठी मार्गदर्शन घ्यावे.

३. वयोश्रीतून घेतलेली प्रत्येक काठी आणि वॉकर माणसाच्या उंचीला बसवून, चालवून दाखवावा. सहा महिन्यांनी ते साधन वापरात आहे का, हे पाहावे.

४. स्मृतिभ्रंश असलेल्यांना कार्यक्रमातून आणि मोजणीतून वगळू नये. त्यांचे आकडे वेगळे मांडावेत, म्हणजे इतरांच्या यशात त्यांचे अपयश झाकले जाणार नाही. त्यांना सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून काही तास तरी विसावा मिळेल अशी सोय याच कार्यक्रमात असावी.

५. आकड्यांची तपासणी कार्यक्रम राबवणाऱ्यांनी स्वतः करू नये. ती परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवावी.

६. वर्षाअखेरीस निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा: किती पडले, किती मोडले, किती जण घराबाहेर पडू लागले.

पडणे कमी झाले नाही असा निकाल आला, तरीही तो वाचला जावा. त्याने कुणाची मान खाली जाणार नाही. काय चालत नाही ते कळले, तर पुढचा पैसा आणि पुढची मेहनत योग्य जागी जाईल. खाली मान घालावी लागेल ती आणखी दहा वर्षे काठ्यांचेच आकडे वर पाठवत राहिलो तर.

यातले बरेचसे काम नव्या कायद्याविना, नव्या इमारतीविना सुरू होऊ शकते. फॉर्म आहे, आशाताई आहेत, भिंतीवर दिनदर्शिका आहे, महाविद्यालय आहे. त्यांना एका कामाला जोडणारा आपल्या सहीचा आदेश तेवढा हवा आहे. तो येत्या ग्रामसभेपूर्वी निघावा, ही कळकळीची विनंती. नोंदी ठेवायला, घरे दाखवायला, बायकांना एकत्र आणायला गावातून मी आणि माझ्यासारख्या अनेक जणी तयार आहोत.



आपली,
चारठाण्याची एक रहिवासी
(ता. जिंतूर, जि. परभणी)